मागच्या बाकावरून

जुलैतल्या एका रविवारी चर्चमधल्या उपासनेच्या शेवटी सूचना वाचून झाल्यावर आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समूहाच्या, चिटणिसांनी नेहमीप्रमाणे विचारले, "आज कुणी नवीन आले असेल, तर त्यांनी कृपया उभे राहून आपला परिचय द्यावा." सोलापूरहून मुलाकडे राहायला आलेले एक जोडपे उभे राहिले. त्यांनी नाव सांगितले, आपली मंडळी सांगितली, टाळ्या झाल्या. सर्वांत मागच्या बाकावर, पंख्याखालची मोकळी जागा सोडून खांबाआड, विशीतला एक मुलगा पाठीवरची बॅग मांडीवर घेऊन बसला होता. तो गेले काही रविवार येत होता, हे माझ्याप्रमाणे इतरांच्याही लक्षात आले असणार, कारण चिटणिसांनी चष्म्यावरून त्याच्या दिशेने पाहत तोच प्रश्न पुन्हा, जरा सावकाश, विचारला. मुलाने गीतांचे पुस्तक उघडले आणि तो अनुक्रमणिका वाचू लागला. उपासना संपत आलेली असताना अनुक्रमणिका कोणी वाचत नाही. आशीर्वादानंतरचे 'आमेन' पुरते व्हायच्या आत तो दाराबाहेर पडला होता. चहाच्या रांगेत कुणीतरी म्हणाले, "हल्लीच्या पोरांना वळणच नाही." दुसऱ्या कुणीतरी त्याची कीव केली. मी हातातला कप फिरवत उभी राहिले, आणि पुढचा आठवडाभर वर्गात शिकवताना, बसमध्ये, भाजी निवडताना तो मुलगा माझ्या डोक्यातून गेला नाही.

मला त्याचे न उठणे समजत होते.

मी पुण्यात शिकायला आले ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी, नेवासे तालुक्यातल्या एका गावाहून. ट्रंकेत आईने दिलेले लोणचे होते, चादरी होत्या आणि बायबलमध्ये घडी करून ठेवलेले एक पत्र होते. ते आमच्या गावच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी निळ्या शाईत, आखीव कागदावर लिहिले होते. ही आमच्या मंडळीची सभासद असून शिक्षणासाठी आपल्या शहरी येत आहे, तरी तिला आपल्या मंडळीत प्रेमाने सामावून घ्यावे, अशा अर्थाचा मजकूर, खाली सही आणि मंडळीचा गोल शिक्का. ज्यांच्या घरातून कुणी बदलीने, लग्नाने किंवा शिक्षणाने बाहेर गेले आहे, त्या ख्रिस्ती घरांना हे पत्र ठाऊक असते. पुण्याला पोहोचल्यावर पहिल्या रविवारी ते द्यायचे, असे वडिलांनी बजावले होते. मी ते दिवाळी उलटून गेली तरी दिले नाही.

पत्र देण्यापूर्वी मला ते कुठे द्यायचे, हे ठरवायचे होते. गावी हा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे एकच चर्च होते, दगडी भिंतींचे आणि पत्र्याचे. घंटेच्या जागी रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता आणि तो वाजवायचा मान मिळावा म्हणून पोरे भांडत असत. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, सगळे सतरंजीवर. पेटी, ढोलकी, टाळ. नगर जिल्ह्यात १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे काम होते आणि त्या मिशनच्या शाळा, दवाखाने, 'ज्ञानोदय'चे अंक यांच्या सावलीत आमच्यासारख्या घरांच्या तीन-चार पिढ्या वाढल्या. माझी आजी बायबलबाई होती. डोक्यावर पदर आणि काखेत पुस्तकांची पिशवी घेऊन ती वाड्या-वस्त्यांवर वाचून दाखवायला जात असे. वडील मिशनच्या शाळेत गुरुजी होते. गावात मी कोण हे कुणाला विचारावे लागत नसे, आणि सतरा-अठराव्या वर्षी याच गोष्टीचा मला कंटाळा आलेला होता.

पुण्यात मात्र निवडायला वाट्टेल तेवढे होते. या शहरात चर्चची वानवा कधीच नव्हती. पेशव्यांच्या फौजेतल्या कॅथलिक मंडळींसाठी सवाई माधवरावांनी जागा दिली आणि १७९२ मध्ये क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च उभे राहू लागले; म्हणजे शनिवारवाड्यात पेशवे नांदत असतानाच पुण्यात ख्रिस्ती उपासना चालू होती. नंतर इंग्रजांची छावणी आली आणि कॅम्पात पलटणींसाठी चर्चे बांधली गेली. त्यांतले सेंट मेरीज बिशप हेबर यांच्या हस्ते १८२५ मध्ये पवित्र करण्यात आले. गुरुवार पेठेत पंचहौदाजवळ पवित्र नाम देवालयाचा मनोरा आहे, कसबा पेठेत ब्रदर देशपांडे यांच्या नावाचे चर्च आहे, तमिळ मंडळींचे निराळे, मल्याळी मंडळींची निराळी. त्यात नगर रस्त्यावर आणि बिबवेवाडीत धर्मगुरू घडवणाऱ्या मोठ्या संस्था. विद्येचे माहेरघर म्हणवणाऱ्या गावात ईश्वरविज्ञान शिकायला देशभरातून मुले येतात, हे सदाशिव पेठेत जन्म काढलेल्या माझ्या मैत्रिणीला मी सांगेपर्यंत माहीत नव्हते.

मी आधी कॅम्पातल्या एका इंग्रजी उपासनेला गेले. जाण्याचे कारण भक्तीपेक्षा हौसेचे होते. इंग्रजी ऐकून ऐकून सुधारेल, असा एक व्यवहारी हिशेबही होता. आत सागवानी बाकांना पॉलिशचा आणि जुन्या पुस्तकांचा वास येत होता, गुडघे टेकायला उशा होत्या, आणि भिंतींवर संगमरवरी पाट्या होत्या. उपदेश समजेनासा झाला की मी त्या वाचत असे. कुणी कॅप्टन, कुणी लेफ्टनंट, कुणाची विशीतली बायको आणि तान्हे मूल. कुणाला तापाने नेले, कुणाला पटकीने. आपल्या वयाची माणसे इतक्या दूर येऊन या गावात पुरली गेली, हे वाचताना मला त्यांची दया येई आणि लगेच आठवे, की यांना कुणी बोलावले होते? उपासना संपली की दाराशी पाद्री हात मिळवत. शेजारचे हसून गुड मॉर्निंग म्हणत आणि आपापल्या गाड्यांकडे जात. कुणी काही विचारत नसे. ते मला फार आवडले. तासभर आपण कुणाचीही मुलगी नाही, कुठल्याही तालुक्यातल्या नाही, अशी मोकळीक मी त्याआधी अनुभवलीच नव्हती. हॉस्टेलवर परतताना मात्र रविवारच्या मेसच्या जेवणापर्यंतचा वेळ कसा घालवायचा, हे कळत नसे.

वसईची एक मुलगी माझ्या खोलीत होती. तिच्याबरोबर मी मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, गेले. तिला मी क्रूसाची खूण करत नाही याचे आश्चर्य वाटले आणि मला ती पाळकांना 'फादर' म्हणून इतक्या सहज चिडवते याचे. कधी उभे राहायचे, कधी गुडघे टेकायचे, हे तिच्याकडे बघून करता करता माझे अर्धे लक्ष कवायतीत गेले. मग वर्गातल्या एका मिझो मुलाने एका सभागृहात भरणाऱ्या तरुणांच्या फेलोशिपला नेले. तिथे ड्रम होते, गिटार होती, पडद्यावर गाण्याच्या ओळी उमटत होत्या. केरळचे, नागालँडचे, आंध्रचे विद्यार्थी डोळे मिटून, हात उंचावून गात होते. आत शिरल्यावर मिनिटभरात चार जणांनी मिठी मारून सिस्टर म्हटले. दुसऱ्या दिवशी हॉस्टेलच्या फोनवर त्यांच्यापैकी कुणाचा तरी फोन आला आणि माझ्यासाठी कशाची प्रार्थना करायची, असे विचारले. मी गडबडून म्हटले, अकाउंटन्सीची. ती त्यांनी केलीही असेल, कारण मी पास झाले. पण तिथल्या गाण्यांत माझा आवाज लागत नव्हता. देवाशी मी लहानपणापासून मराठीत आणि थोडे वाकून बोलत आले होते. तिथे त्याच्याशी मित्रासारखे, मोठ्याने आणि इंग्रजीत बोलायचे होते. तिथली मुले खरी होती, त्यांचे प्रेम खोटे नव्हते, तरी मी तिथून बाहेर पडले की बोलून बोलून थकल्यासारखी होत असे.

कॉलेजात माझ्याविषयी वेगळेच कुतूहल होते. माझे आडनाव महाराष्ट्रात कुठेही सापडेल असे आहे. मी ख्रिश्चन आहे असे कळले, की मुली क्षणभर थबकत आणि म्हणत, "वाटत नाहीस गं." मग दुसरा प्रश्न, घरी काय बोलता? आणि माझे शुद्ध मराठी ऐकून तिसरे आश्चर्य. हे सगळे निरागस होते, त्यात दुखावण्याचा हेतू नव्हता. पण प्रवेशाच्या खिडकीवरचा प्रश्न तसा नव्हता. तिथे कारकुनाने अर्ज वर-खाली करून विचारले होते, "ख्रिश्चन म्हणजे मूळ कोण?" त्या प्रश्नामागे कायद्याचा धागा होता. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशाने तो दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती बाहेर राहिले आणि महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांची नोंद इतर मागासवर्गात झाली. त्यामुळे आमच्या गावाकडच्या मुलांना प्रवेशाच्या वेळी आपण कोण होतो आणि कोण आहोत, ही दोन्ही प्रमाणपत्रे बाळगावी लागतात. खिडकीच्या आतले आणि रांगेतले सगळे ऐकत असताना त्या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या मुलीला पुढे कुठेही, कुणीही, अगदी मायेने जरी विचारले की तू कुठली, कुणाची, तरी आधी घशाशी आवंढा येतो.

म्हणूनच मराठी मंडळीत जायचे मी टाळत होते, हे आता इतक्या वर्षांनी सहज लिहिता येते. तिथे हा प्रश्न विचारला जाणार, याची मला खात्री होती.

शेवटी गेले ते एका पावसाळी रविवारी, ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात, वडिलांच्या पोस्टकार्डावरच्या 'पत्र दिलेस काय?' या एका ओळीमुळे. पेठेतली गल्ली चिखलाने भरलेली, शेजारी पितळी भांड्यांचे दुकान बंद, आणि आतून पेटीचा सूर. मी उशिरा पोहोचले आणि मागच्या बाकावर खांबाशेजारी बसले. समोर लाकडी पाटीवर त्या दिवशीच्या गीतांचे क्रमांक लावले होते. पहिले गीत नारायण वामन टिळकांचे होते, अभंगाच्या चालीवरचे. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला आणि त्यानंतर त्यांनी लिहिलेल्या गीतांनी मराठी चर्चचा आवाजच बदलून टाकला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. ते गीत मला पुस्तकाशिवाय येत होते. पहिल्या कडव्यानंतर ढोलकीवाल्याने जो उठाव घेतला तो आमच्या गावच्या ढोलकीवाल्याचा नव्हता, इथली लय जरा शहरी, आवरलेली होती. पण माझा डावा हात आपोआप मांडीवर ठेका धरू लागला होता. आजूबाजूला बघितले तर तीच पातळे, तीच नारळाच्या तेलाने चापून बसवलेली डोकी, तोच मुलांना डोळ्यांनी दटावण्याचा प्रकार. मला बरे वाटले आणि त्याच वेळी पळून जावेसेही वाटले. याच सगळ्यापासून चार वर्षे सुटका म्हणून तर पुण्याला आले होते.

सूचना झाल्या. नवीन आलेल्यांनी उभे राहावे, असे तेव्हाचे चिटणीसही म्हणाले. मी उभी राहिले नाही.

पण चहातून सुटका नव्हती. बाहेर पाऊस होता, दाराशी पत्र्याच्या पडवीत सगळे दाटीने उभे होते आणि स्टीलच्या मोठ्या किटलीतून आल्याचा चहा कपांत ओतला जात होता. नऊवारी नेसलेल्या, पाठीला बाक आलेल्या एका आजींनी माझ्या हातात कप दिला, बशीत पार्ले-जीची दोन बिस्किटे ठेवली आणि तोंडाकडे निरखून पाहत विचारले, "कुणाची गं तू?" मी कॉलेजचे नाव सांगितले. "ते नव्हे. कुणाची?" मी गाव सांगितले. त्यांनी तालुका विचारला, मग वडील काय करतात, मग आईचे माहेर. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. आईच्या माहेरचे गाव ऐकल्यावर त्या थांबल्या. त्यांच्या धाकट्या नणंदेचे सासर त्याच गावी होते आणि एका लग्नात माझ्या आजोबांनी ख्रिस्ती कीर्तन केलेले त्यांनी ऐकले होते. कीर्तनात आजोबा टाळ चुकले आणि मग हसत हसत स्वतःच त्यावर एक कोटी केली, हेही त्यांना आठवत होते. आजोबा माझ्या जन्माआधी गेलेले. ते टाळ चुकत असत हे मला माझ्या घरात कुणी सांगितले नव्हते.

मला त्या आजींचा राग आला होता की नाही, हे आजही नीट सांगता येत नाही. त्यांच्या चौकशीत मूळ जात चाचपण्याचा अंश नव्हता, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. आमच्या मंडळ्यांत तो असतो. लग्ने जुळवताना तर उघडच असतो, आणि प्रभुभोजनाच्या एका मेजाला सगळे येतात तरी सोयरिकीच्या मेजाला कोण कुणाकडे जातो, हे सर्वांना पाठ असते. शिक्षित, शहरात आधी आलेल्या घरांचा एक तोरा असतो आणि मागाहून आलेल्या गावाकडच्यांना तो लगेच ओळखू येतो. तरीही त्या प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला माझे आजोबा टाळ चुकत उभे होते, आणि कॅम्पातल्या संगमरवरी सभ्यतेने मला ते कधीच दिले नसते.

त्या चहाविषयी मला पुढे बरेच कुतूहल वाटत राहिले. पुण्यात चर्चच्या आवारातला चहा ही काही साधी बाब नव्हे. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली, आणि पाहुण्यांत रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोखले होते. डॉ. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे छापून आणली आणि ख्रिस्त्यांच्या हातचा चहा घेतल्यावरून शहरात गहजब उडाला. कुणी म्हणाले कप घेतला पण प्यायलो नाही, कुणी म्हणाले मानासाठी ओठाला लावला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आयोग बसला, प्रायश्चित्ते झाली. शाळेत हा प्रसंग सनातनी पुण्याच्या गमतीसारखा सांगितला जातो आणि वर्गात हशा पिकतो. मी तो आता माझ्या विद्यार्थ्यांना सांगते तेव्हा तो कप भरून पुढे करणारा हात कुणाचा असेल, असे विचारते. यजमानांचे नावनिशाण कुणाच्याच तोंडी नाही. चहा देऊन झाल्यावर समोरच्याने तो मागाहून, पैसे भरून, धुऊन टाकला हे कळल्यावर त्या आवारातल्या माणसांना काय वाटले असेल? मला चहा देणाऱ्या त्या आजींच्या हातून चहाला कुणी नाही म्हटलेले त्यांना चालत नसे. मधुमेह असलेल्यांनाही त्या बळेच अर्धा कप देत. या हट्टाची मुळे किती खोल असतील, याचा विचार मला त्यांच्या अंत्यविधीच्या दिवशी पहिल्यांदा सुचला.

पत्र मी नोव्हेंबरात दिले. पाळकसाहेबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले, शिक्का उजेडात धरला आणि विचारले, "अजून याच अक्षरात लिहितात का ते? सेमिनरीत आम्ही एका वर्गात होतो. त्यांच्या वह्या उतरून घेऊन पास झालो मी." मग त्यांनी एक जाडजूड नोंदवही काढली आणि माझे नाव, गाव, कॉलेज आणि हॉस्टेलचा पत्ता त्यात लिहून घेतला. मला वाटले, नोंद झाली, विषय संपला.

डिसेंबरात एका रात्री साडेनवाच्या सुमारास हॉस्टेलच्या फाटकाबाहेर गलका झाला. आम्ही गॅलरीत आलो. खाली एक टेम्पो उभा होता, त्याच्या टपाला बांबूवर कागदी चांदणी बांधलेली, आत बल्ब. थंडीने डफ उतरला होता, म्हणून दोन माणसे रस्त्याच्या कडेला वर्तमानपत्रे पेटवून तो शेकत होती. शेकोटी दिसल्यावर आमचे वॉचमनमामाही काठी टेकून त्यांच्यात उकिडवे बसले होते. डफाचा कणखर आवाज आल्यावर गाणे सुरू झाले. ख्रिस्तजन्माचे, पण चाल पुरती भजनाची, टाळ, ढोलकी आणि मध्येच ती खड्या आवाजातली हाळी. शे-दीडशे मुली कठड्यावर ओणवून ऐकत होत्या आणि मला जमिनीत गडप व्हावेसे वाटत होते, कारण त्या घोळक्यात शालीत गुरफटलेल्या आजी माझे नाव घेऊन "खाली ये की गं!" असे ओरडत होत्या. सदाशिव पेठेतली माझी मैत्रीण माझ्या शेजारी उभी होती. ती म्हणाली, "अगं, हे तर भजन आहे!" तिच्या आवाजात फसवले गेल्याचा सूर होता, तिने गिटारची आणि पांढऱ्या दाढीच्या सांताक्लॉजची तयारी ठेवली होती. मी खाली गेले. रेक्टरबाईंनी फाटक उघडू दिले नाही, म्हणून आजींनी गजांमधून डबा सरकवला. तो आडवा जाईना. मग झाकण काढून करंज्या एकेक करून आत दिल्या आणि मी त्या ओढणीत घेतल्या. वर आल्यावर त्या अर्ध्या तासात संपल्या. पाचव्या की सहाव्या करंजीला कुणीतरी विचारले, नाताळला करंज्या असतात? घरी तर त्याच असतात, शिवाय चकल्या, अनारसे. केक आमच्याकडे फार उशिरा आला.

फेरीच्या यादीत माझा पत्ता त्या नोंदवहीतून उतरवून घेतला होता. मी मंडळी शोधत हिंडत होते, आणि मंडळीने मला एका रकान्यात लिहून ठेवले होते. त्यानंतर मला हवे की नको, असे कुणी विचारले नाही. माझे अक्षर चांगले म्हणून महिला मंडळाची गीते उतरवायचे काम माझ्याकडे आले, कापणीच्या सणाला आलेल्या ज्वारीचा आणि भोपळ्यांचा लिलाव लिहायला बसवण्यात आले, उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांपैकी एक वाचायला दिला. त्यातल्या पुष्कळ कामांनी मी वैतागले. पण माझ्या पुण्यातल्या रविवारांना बूड आले ते त्या कामांमुळे, उपदेशांमुळे क्वचितच.

विद्यार्थ्यांच्या गावात मंडळी चालवणे हे मोठे विचित्र काम आहे, हे आता पलीकडच्या बाजूने दिसते. जूनच्या अखेरीस मागचे बाक भरतात. ऑगस्टात ओळखी होतात, नाताळात तीच मुले मंडप घालतात, एप्रिलमध्ये परीक्षा येतात आणि एका रविवारी एकदम जाणवते की बाक रिकामे आहेत. काही जण निरोप घेतात. बहुतेक घेत नाहीत. ज्यांना आपण आजारपणात पेज नेऊन दिली, ते बंगळूरला नोकरी लागल्यावर एक निरोपसुद्धा पाठवत नाहीत. म्हातारी माणसे दरवर्षी नवी नावे शिकतात आणि दरवर्षी ती नावे गळून पडतात. मग त्यांच्यातले काही जण नावे शिकायचे सोडून देतात. नव्या मुलांना हा कोरडेपणा भासतो आणि ती सभागृहातल्या फेलोशिपकडे जातात, जिथे मिनिटभरात मिठी मिळते. त्यात त्यांचे काही चुकते, असे मला वाटत नाही. आमच्याकडे मिठी मिळायला आधी आईचे माहेर सांगावे लागते.

आणि आमच्याकडे बाकीचेही कमी नाही. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या निवडणुकीवरून धरलेले अबोले, पेटी की कीबोर्ड यावरून बैठकीत वाजलेली मेजे, आवाराच्या भिंतीवरून चाललेले तंटे. इंग्रजी शाळांत शिकणाऱ्या आमच्याच मुलांना गीतांच्या पुस्तकातले मराठी आकडे वाचता येत नाहीत. पाळकांनी "गीत क्रमांक एकोणसत्तर" म्हटले, की पोरे आयांकडे बघतात आणि आया हळूच "सिक्स्टी नाइन" म्हणतात. गेल्या वर्षापासून पडदा लावून गीतांच्या ओळी रोमन लिपीत दाखवायला सुरुवात झाली. त्या लिपीत टिळकांचे अभंग बघताना माझे डोळे दुखतात, पण माझी भाची ते न अडखळता गाते, म्हणून मी बैठकीत गप्प राहिले.

मागच्या बाकावरचा तो मुलगा अजून येतो. एका रविवारी ट्यूबलाइट बदलताना शिडी हलत होती. खजिनदारांनी जवळ उभ्या असलेल्या त्याला फक्त "धर रे जरा" म्हटले आणि त्याने ती दोन्ही हातांनी धरली. काम झाल्यावर खजिनदारांनी त्याला चहा दिला, नाव विचारले नाही. ते मुद्दाम केले की त्यांच्या ध्यानातच आले नाही, हे मी त्यांना विचारलेले नाही.

मागच्या महिन्यात पंचांच्या बैठकीत मी विषय काढला की नवीन आलेल्यांना उभे करण्याची पद्धत बंद करावी. वाटले होते, म्हातारे विरोध करतील. विरोध केला तो तरुण संघाच्या प्रतिनिधीने, धाराशिवहून आलेल्या इंजिनिअरिंगच्या मुलीने. ती म्हणाली, "मी उभी राहिले होते ना, तेव्हा पुण्यात पहिल्यांदा माझं नाव कुणीतरी पूर्ण ऐकून घेतलं. कॉलेजात मी रोल नंबर आहे. तुम्ही ते बंद करू नका." यावर मला पटकन उत्तर सुचले नाही. चिटणिसांनी समजूतदारपणे विषय कापणीच्या सणानंतर घ्यायचे ठरवले, म्हणजे तो पुढच्या पाळकांच्या कारकिर्दीत निघेल.

नाताळच्या फेरीची यादी मात्र तयार होत आली आहे. हॉस्टेले आता शहराबाहेर पसरली आहेत, फाटकांवर खासगी सुरक्षारक्षक आणि कॅमेरे आहेत, आणि रात्री नऊनंतर आवाज करायचा तर आधी लेखी परवानगी लागते. ते अर्ज लिहायचे काम, अक्षराची आता कुणाला गरज नसली तरी, माझ्याचकडे आले आहे. प्रत्येक अर्जात किती माणसे येणार, किती वेळ थांबणार आणि कोणती वाद्ये असणार, हे नमूद करावे लागते. पेटी, टाळ आणि ढोलकी लिहून झाले आहे. डफ लिहायचा की नाही, आणि लिहिला तर तो शेकायला फाटकाबाहेर कागद पेटवावे लागतात हेही कळवायचे की नाही, यावर पंचांत अजून एकमत झालेले नाही.